झोपडी बदलणे की झोपडी हटविणे?
मैलापूरच्या किनाऱ्यावरील वसाहतीचा धडा

(शहरी घरांच्या प्रश्नावरील अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१९७० साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या एका सरकारी मंडळाच्या नावापासून आजच्या विषयाला आरंभ करणे सोयीचे होईल. त्या मंडळाचे इंग्रजी नाव होते ‘तामिळनाडू स्लम क्लिअरन्स बोर्ड’. मराठीत त्याचा अनुवाद ‘झोपडपट्टी निर्मूलन मंडळ’ असा होतो आणि तो इंग्रजीला धरूनच आहे. क्लिअरन्स म्हणजे साफसफाई, जागा मोकळी करणे. परंतु तामिळमध्ये त्याच मंडळाचे नाव होते ‘कुडिसै माट्रु वारियम’. कुडिसै म्हणजे झोपडी आणि माट्रु म्हणजे बदलणे, एकाच्या जागी दुसरे देणे. एका भाषेत झोपडी हटवायची होती, तर दुसऱ्या भाषेत ती बदलून द्यायची होती. सरकार एक, कायदा एक, कचेरी एक. पण नावे दोन आणि त्या नावांत दोन परस्परविरोधी धोरणे.

तामिळनाडूतील कष्टकऱ्यांच्या घरांचा अर्धशतकाचा इतिहास म्हणजे तामिळ नावाकडून इंग्रजी नावाकडे झालेला प्रवास होय, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. हा प्रवास कसा झाला आणि तो कोणी अडवून धरला, हे पाहायचे असेल तर मैलापूरच्या समुद्रकिनाऱ्याइतके दुसरे बोलके ठिकाण नाही.

कपालीश्वरापासून समुद्रापर्यंत

मैलापूर म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर कपालीश्वराचे गोपुर, देवळासमोरील विस्तीर्ण तलाव, संगीतसभा आणि वकील-विद्वानांचे वाडे उभे राहतात. हे मैलापूर खरेच आहे. पण ते अर्धे आहे. देवळाच्या तलावापासून कचेरी रोडने पूर्वेकडे चालत निघाले की थोड्याच वेळात सान्थोमचे पांढरे चर्च येते. त्या चर्चच्या पाठीशी समुद्र आहे आणि समुद्राच्या काठाने मैलापूरचा दुसरा अर्धा भाग पसरलेला आहे. उत्तरेस मरीनाच्या दीपस्तंभापासून दक्षिणेस अड्यार नदीच्या मुखापर्यंत नोच्चिकुप्पम, डुमिंग कुप्पम, पट्टिनपाक्कम, श्रीनिवासपुरम अशा वस्त्या एकापुढे एक लागतात. कुप्पम म्हणजे कोळीवाडा. नोच्ची हे निर्गुंडीच्या झुडपाचे तामिळ नाव. झुडपांनी भरलेल्या वाळूवर वसलेला हा कोळीवाडा आज देशातील एका महानगराच्या सर्वात महागड्या किनाऱ्यावर उभा आहे, आणि त्याच्यावरील संकटाचे मूळही तेथेच आहे.

वरळीच्या वा नायगावच्या चाळीत वाढलेला कार्यकर्ता नोच्ची नगरमध्ये पाऊल टाकतो तेव्हा त्याला परके असे फारसे काही वाटत नाही. सरकारी ठोकळ्याच्या इमारती, जिन्यातील ओल, गच्चीवर आणि कठड्यावर वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या नळापाशी रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग, खाली अंगणात खेळणारी मुले आणि भिंतींवर पक्षांची निशाणे. फरक दिसतो तो रस्ता ओलांडल्यावर. इमारतीच्या समोर वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या असतात. ओंडके दोरीने बांधून केलेल्या कट्टुमरमची जागा आता बहुतेक ठिकाणी फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. पुरुष सावलीला बसून फाटलेली जाळी सांधतात. बायका पाटीवर वंजिरम मांडून बसतात. वंजिरम म्हणजे आपली सुरमई. पहाटे समुद्रातून आलेला माल सकाळी रस्त्याच्या कडेला विकला जातो. घर, कारखाना आणि बाजार यांच्यामध्ये अंतर आहे ते एका रस्त्याच्या रुंदीचे.

हे अंतर नीट लक्षात ठेवावे. आजच्या व्याख्यानाचा सगळा मुद्दा त्यात सामावलेला आहे. कोळ्याला वाऱ्याची दिशा आणि लाटांचा रंग पाहून होडी लोटायची असते. जाळी, इंजिन आणि होडी यांवर रात्रंदिवस नजर ठेवायची असते. मासळी विकणाऱ्या स्त्रीला मध्येच घरी जाऊन चूल पेटवायची असते, शाळेतून येणारे मूल पाहायचे असते. त्यांच्यासाठी घर म्हणजे केवळ चार भिंती व छप्पर नव्हे. घराची जागा हेच त्यांचे एक उत्पादनाचे साधन आहे.

१९७० चे वचन

या वसाहती उभ्या राहिल्या त्या काळाचे चित्र डोळ्यांसमोर आणले पाहिजे. १९६७ साली द्रविड मुन्नेत्र कळघम सत्तेवर आला, तो शहरी गरिबांच्या मोठ्या पाठिंब्यावर. १९७० साली करुणानिधी यांच्या सरकारने हे मंडळ स्थापन केले व १९७१ साली झोपडपट्टी सुधारणा व निर्मूलनाचा कायदा केला. मंडळाने केलेल्या १९७१ च्या पाहणीत मद्रास शहरात १,२०२ झोपडपट्ट्या आढळल्या आणि त्यांत सुमारे १ लाख ६४ हजार कुटुंबे राहत होती. सात वर्षांत शहरातील सर्व झोपड्या बदलून पक्की घरे द्यायची, अशी प्रतिज्ञा करण्यात आली. गरिबाच्या हास्यात देव पाहावा, हे अण्णादुराईंच्या नावाने ओळखले जाणारे वचन मंडळाचे ब्रीद झाले.

या प्रतिज्ञेतील भाबडेपणा आणि मतांचे राजकारण बाजूला काढले तरी दोन गोष्टी मान्य केल्याच पाहिजेत. पहिली ही की, झोपडी जेथे असेल तेथेच किंवा तिच्या निकट इमारत बांधायची, हे त्या वेळचे मूळ धोरण होते. तळमजला अधिक तीन मजले, सुमारे सव्वादोनशे चौरस फुटांचे गाळे, स्वतंत्र स्वयंपाकाची जागा व संडास, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. दुसरी गोष्ट कायद्याची. घोषित झोपडपट्टीतील रहिवाशाला जमीनमालकाने सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय न्यायालयामार्फतही बाहेर काढू नये, असे संरक्षण १९७१ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने दिले. म्हणजे ‘माट्रु’ हा शब्द त्या वेळी केवळ नावापुरता नव्हता. त्याला विटा-सिमेंटचा व कलमाचा आधार होता. मैलापूरच्या किनाऱ्यावरील इमारती सत्तरीच्या दशकात याच धोरणातून उभ्या राहिल्या.

ही इमारत आभाळातून पडलेली देणगी नव्हती. याच मरीनाच्या वाळूवर, १९२३ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी, कॉम्रेड एम. सिंगारवेलर यांनी भारतातील पहिला मे दिन साजरा केला. सिंगारवेलर स्वतः कोळी समाजात जन्मलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले आणि पुढे १९२५ च्या कानपूर येथील कम्युनिस्ट परिषदेचे अध्यक्ष झालेले. त्याच किनाऱ्यावर आज देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडविलेले श्रमिकांचे शिल्प उभे आहे. चार कामगार एक प्रचंड शिळा ढकलीत आहेत. पर्यटक त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. परंतु त्याच वाळूवर ज्यांचे घर आहे, त्या श्रमिकांना मात्र सरकार वर्षानुवर्षे अतिक्रमणदार ठरवीत आले आहे. पुतळ्याला किनाऱ्यावर जागा असावी, पण त्या पुतळ्यात ज्याचे रूप आहे त्याला नसावी, हा या व्यवस्थेचा न्याय आहे.

बँकेचा सल्ला आणि पोलिसांची गोळी

सात वर्षांत सर्व झोपड्या बदलण्याची प्रतिज्ञा पुरी झाली नाही. पैसा अपुरा पडला, शहर वाढत गेले आणि जमिनीच्या मालकीच्या प्रश्नाला हात घालण्याची सत्ताधारी पक्षाची तयारी नव्हती. १९७७ साली जागतिक बँकेच्या कर्जावर मद्रास नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. बँकेचे म्हणणे असे होते की, इमारती बांधून देणे फार खर्चाचे आहे; गरिबाला भूखंड व सेवा द्याव्यात, घर त्याने कर्ज काढून आपले आपण बांधावे, आणि घातलेला पैसा त्याच्याकडून वसूल व्हावा. या योजनेत अनेक झोपडपट्ट्यांना राहत्या जागी नळ, गटारे, दिवे व जमिनीचे हक्क मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु घर देणे ही शासनाची जबाबदारी आहे, ही मूळ कल्पनाच त्या क्षणी ढिली झाली. कष्टकऱ्याचा घराचा हक्क संपला आणि तो कर्जदार झाला.

दुसरीकडे किनाऱ्याच्या ‘सौंदर्याची’ भाषा सुरू झाली. १९८५ साली एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने मरीनाचे सुशोभीकरण करण्यासाठी कोळ्यांच्या होड्या व जाळी वाळूवरून हटविण्याचे ठरविले. कोळी समाजाने प्रतिकार केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मारली गेली. नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्याच १९८५ सालच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रसिद्ध खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला होता. परंतु त्याच निकालाने पावसाळा संपल्यावर झोपड्या हटविण्यास मोकळीकही दिली होती. तत्त्व कष्टकऱ्याच्या पदरात आणि जमीन सरकारच्या ताब्यात, असा तो निकाल होता. मद्रासच्या झोपडीवासीयांचा खटलाही त्याच वर्षी त्याच न्यायालयासमोर होता.

फ्रेडरिक एंगल्स यांनी १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखमालेत या खेळाचे मर्म सांगून ठेवले आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, भांडवलदार वर्गाजवळ घरांचा प्रश्न सोडविण्याची एकच रीत आहे: तो प्रश्न एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवणे. गलिच्छ गल्ली शहराच्या मध्यातून नाहीशी होते, वर्तमानपत्रे टाळ्या वाजवितात आणि तीच गल्ली, त्याच गरजेपोटी, लगेच दुसरीकडे उभी राहते. एंगल्स यांच्यासमोर मँचेस्टर आणि पॅरिस होते. मैलापूरचा किनारा पाहिला की ते विवेचन आपल्या दारातील वाटते.

लाट ओसरल्यावर

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट आली. मरीना व मैलापूरच्या किनाऱ्यावर माणसे गेली, होड्या फुटल्या, झोपड्या वाहून गेल्या. लाट ओसरल्यावर दुसरी लाट आली ती पुनर्वसनाची. २००५ च्या सरकारी आदेशाने असे ठरविले की, भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबाने दूरचे नवे घर घेतले तर किनाऱ्यावरील मूळ जागा सरकारकडे सोडून द्यावी. वरवर पाहता ही सुरक्षिततेची काळजी होती. परंतु ज्या समुद्रापासून कोळ्याला वाचवायचे, त्याच समुद्रालगत पुढील काळात दीपस्तंभापासून दक्षिणेकडे उन्नत महामार्ग नेण्याची योजना मांडली गेली. कोळ्याच्या झोपडीला लाटेचे भय आणि मोटारीच्या रस्त्याला नाही, असा अजब भूगोल तेव्हा सांगितला जात होता. किनाऱ्यावरील वस्त्यांनी विरोध केला आणि तो महामार्ग उभा राहिला नाही.

ज्या कुटुंबांना किनारा व नदीकाठ सोडावा लागला ती कोठे गेली? शहराच्या दक्षिण टोकास, जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या परिसरात. २००० सालापासून तेथे कण्णगी नगर उभे राहिले, पुढे सेम्मंचेरी आणि त्यानंतर पेरुम्बाक्कम. कण्णगी नगरात पंधरा हजारांहून अधिक घरे, पेरुम्बाक्कमच्या आठ मजली इमारतींत वीस हजारांहून अधिक. मैलापूरपासून हे अंतर पंधरा ते पंचवीस किलोमीटर. २०१५ च्या महापुरानंतर अड्यार व कूवम नद्यांच्या काठची हजारो कुटुंबे पेरुम्बाक्कमला हलविण्यात आली. कारण सांगण्यात आले पुराचे. आणि पेरुम्बाक्कम वसले आहे ते पळ्ळिकरणैच्या पाणथळ भूमीलगत, जेथे दर मोठ्या पावसात पाणी भरते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पेरुम्बाक्कमचे घर नोच्ची नगरच्या जुन्या गाळ्याहून मोठे आहे. सरकारी अहवालात ती प्रगती म्हणून नोंदली जाते. परंतु त्या मोठ्या घरातून मैलापूरच्या चार घरची धुणीभांडी करायला येणाऱ्या स्त्रीला पहाटेची बस धरावी लागते. बसभाडे आणि वाया गेलेले तास यांची बेरीज केली की हाती उरते ते पूर्वीपेक्षा कमी. पुष्कळ स्त्रियांची कामेच सुटतात. मुलांच्या शाळा सुटतात. कण्णगीचा पत्ता सांगितला की कामावर घेणारा संशयाने पाहतो, हा तेथील तरुणांचा नेहमीचा अनुभव. तामिळ परंपरेतील कण्णगी ही अन्यायी राजाला भर दरबारात जाब विचारणारी स्त्री. तिचे नाव अशा वसाहतीला द्यावे, हा काव्यगत न्याय आहे की क्रूर थट्टा, हे तेथील रहिवासीच ठरवितील.

या हजारो कुटुंबांत दलितांचे प्रमाण फार मोठे आहे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पूर्वी गावकुसाबाहेर वस्ती असे. आता महानगराच्या सीमेवर आठ मजली गावकूस बांधले गेले आहे. जात आणि जमीन यांचे हे नाते दृष्टिआड करून घरांच्या प्रश्नाची मांडणी करता येणार नाही.

टिकून राहिलेली वसाहत

या सगळ्या काळात नोच्चिकुप्पम आणि आसपासची वस्ती किनाऱ्यावर टिकून राहिली, हे विशेष. जुन्या इमारती खारे वारे आणि सरकारी हयगय यांनी जर्जर झाल्या. त्या पाडायच्या ठरल्यावर रहिवाशांचा पहिला प्रश्न असे तो क्षेत्रफळाचा नव्हे, तर परत येथेच घर मिळेल याची हमी काय, हा. नोच्चिकुप्पममध्ये जुन्या इमारती जाऊन नव्या उभ्या राहिल्या त्या त्याच किनाऱ्यावर. ही साधी वाटणारी गोष्ट कोळी पंचायत, स्त्रिया आणि संघटना यांनी वर्षानुवर्षे चिवटपणे लढून मिळविलेली आहे.

लढा संपला असे मात्र नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून महानगरपालिकेने किनाऱ्यालगतच्या लूप रोडवरील मासळीची दुकाने हटविण्यास सुरुवात केली. कारण दिले ते वाहतुकीच्या कोंडीचे. कोळी स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले. मुळात आमच्या वस्तीतून रस्ता काढला गेला, रस्त्यावर वस्ती आलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०२४ साली तेथे ३६६ दुकानांची मासळी बाजाराची इमारत सुरू करण्यात आली. बाजार मिळाला, पण घरासमोरची मोकळी जागा आणि तिच्यावरील परंपरागत हक्क यांचा निकाल अद्याप लागायचा आहे.

दक्षिणेकडील श्रीनिवासपुरममध्ये चित्र अधिक भीषण आहे. तेथील मंडळाच्या जुन्या इमारतीच्या खिडकीवरील सज्जा २०२४ च्या डिसेंबरात कोसळून एका तरुणाचा जीव गेला. त्याआधी २०२१ च्या डिसेंबरात तिरुवोट्रियूरमध्ये मंडळाची अवघी २८ वर्षांची इमारत जमीनदोस्त झाली. रहिवासी आधीच बाहेर पडल्याने प्राणहानी टळली. त्याच वर्षी पुळियन्तोपमधील नव्याकोऱ्या इमारतींचा गिलावा हाताने खरवडला तरी गळून पडतो, हे साऱ्या राज्याने पाहिले. २०२१ सालीच मंडळाचे नाव बदलून ‘नागरी अधिवास विकास मंडळ’ करण्यात आले. शब्द अधिक सभ्य झाला. परंतु गिलावा शब्दाने टिकत नाही.

सार्वजनिक घरबांधणी ही मुळातच अशी कोसळणारी असते, असा निष्कर्ष यावरून काढण्याची घाई भांडवली अर्थतज्ज्ञ करतात. त्यांना व्हिएन्नाचे उदाहरण द्यावे. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहराच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ पासून घरबांधणीचा खास कर बसविला. त्याचा भार श्रीमंतांच्या वाड्यांवर सर्वाधिक होता. त्या पैशातून साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्यांपैकी कार्ल मार्क्स होफ ही एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांची वसाहत १९३० साली पुरी झाली. १९३४ च्या फेब्रुवारीत फॅसिस्ट सरकारने तिच्यावर तोफा डागल्या, तिचे नाव पुसले. १९४५ नंतर ते नाव परत आले. वसाहत आजही नगरपालिकेच्या मालकीची आहे आणि तेथे माणसे राहत आहेत. तोफांचा मारा झालेली इमारत शंभरीकडे चालली आहे आणि आपल्याकडे २८ वर्षांची इमारत आपोआप कोसळते. फरक सिमेंटचा नाही. नियमित दुरुस्तीसाठी पैसा राखून ठेवणाऱ्या आणि मालकी न विकणाऱ्या धोरणाचा आहे.

मुंबईच्या आरशात

मैलापूरची ही कथा मराठी वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. मुंबईत गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० नंतर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर लावून त्यासाठी पैसा उभा करण्यात आला होता. साम्राज्यवादी सरकारने त्या बांधल्या त्या कामगारांच्या प्रेमापोटी नव्हे, तर गिरण्यांना मजूर जवळ हवे होते म्हणून. परंतु एकदा कामगार तेथे राहू लागल्यावर त्याच चाळींतून संप उभे राहिले, वाचनालये, आखाडे व भजनी मंडळे उभी राहिली, आंबेडकरी चळवळीचा आवाज घुमला. इमारत बांधणाऱ्याचा हेतू एक आणि राहणाऱ्याने केलेला तिचा उपयोग दुसरा, हा सार्वजनिक वसाहतींचा इतिहासच आहे.

त्या इतिहासाची काळी बाजूही आपण झाकू नये. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. शेजारी शेजाऱ्याच्या विरोधात उभा राहिला आणि त्या दिवसांत भागवत जाधव या तरुणाचा बळी गेला. एका जिन्याने चढणाऱ्या माणसांना एक वर्ग म्हणून जोडण्याचे काम भिंती करीत नाहीत. ते संघटनेने करायचे असते. गिरणीच्या दारावर लाल बावटा घेऊन उभे राहणारे आपण चाळीच्या जिन्यात किती वेळा पोहोचलो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आज मुंबईत ‘माट्रु’ आणि ‘क्लिअरन्स’ ही दोन्ही धोरणे एकाच वेळी चालू आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. रहिवाशांच्या दीर्घ लढ्याचे ते फळ आहे. ते कमी लेखू नये. मात्र उंच मनोऱ्याच्या देखभालीचा खर्च झेपला नाही तर तेच कुटुंब दहा वर्षांनी घर विकून बाहेर फेकले जाईल, आणि तेव्हा त्याला हुसकावणारा पोलीस दिसणार नाही, दलाल दिसेल. दुसरीकडे, ज्या गिरणी कामगारांच्या श्रमावर मुंबई उभी राहिली, त्यांना घरे देऊ केली जातात ती शेलू आणि वांगणी येथे. २०२५ च्या जुलैत गिरणी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते याच प्रश्नावर. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले, त्यांत कार्यालये आली, आणि कामगाराचा वाटा मात्र लोकलच्या शेवटच्या टोकाला गेला. मैलापूरच्या कोळ्यासाठी जे पेरुम्बाक्कम, ते लालबागच्या कामगारासाठी वांगणी.

धडा आणि कार्य

मैलापूरच्या किनाऱ्याचा धडा थोडक्यात असा. घरांच्या प्रश्नात ‘किती चौरस फूट’ हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न आहे ‘कुठे’. सरकार चौरस फूट वाढवून देण्यास तयार होते, कारण दूरच्या जमिनीवर चौरस फूट स्वस्त असतो. ‘कुठे’ या प्रश्नाला मात्र ते हात लावू देत नाही, कारण तेथे जमिनीच्या मालकीचा, म्हणजेच वर्गीय सत्तेचा प्रश्न उभा राहतो. आपल्या कार्यकर्त्यांनीही अनेकदा क्षेत्रफळाच्या मागणीवर लढा सुरू केला आणि क्षेत्रफळ मिळताच तो संपविला. ही चूक दुरुस्त केली पाहिजे.

त्यासाठी कोणत्याही पुनर्वसनाच्या प्रश्नावर पक्षाच्या शाखांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा. घर उपजीविकेपासून चालत जाण्याच्या अंतरात असावे आणि ही हमी इमारत पाडण्यापूर्वी लेखी, कुटुंबागणिक, मिळावी. खालची जमीन सार्वजनिक मालकीचीच राहावी. तिच्यावरील विक्रीच्या मनोऱ्यांसाठी ती गहाण पडू नये. दुरुस्ती व देखभाल यांची तरतूद दरवर्षीच्या अर्थसंकल्पात असावी आणि बांधकामाचा दर्जा तपासण्याचा अधिकार रहिवाशांच्या समितीला असावा. आणि त्या समितीत स्त्रियांची संख्या निम्मी असावी, कारण घराचे अंतर किती आहे हे पायाने मोजते ती स्त्रीच.

या मागण्या मान्य झाल्या म्हणजे घरांचा प्रश्न सुटला, असे नव्हे. जमीन ही विकाऊ वस्तू आहे तोवर तो सुटणार नाही, हे एंगल्स यांनी सांगितलेले सत्य अबाधित आहे. परंतु त्या दिवसाची वाट पाहत आजच्या वसाहती हातच्या जाऊ देणे हा क्रांतिकारी पवित्रा नव्हे. नोच्चिकुप्पमच्या कोळ्यांनी कोणताही ग्रंथ न वाचता १९८५ च्या गोळीबारापुढे, २००४ च्या लाटेपुढे आणि २०२३ च्या बुलडोझरपुढे एकच उत्तर दिले: घर बदला, पण येथेच. त्यांनी मंडळाच्या तामिळ नावाला धरून राहण्याचा हट्ट केला आणि म्हणूनच पहाट झाली की आजही त्या वाळूवरून होड्या समुद्रात लोटल्या जातात.

मुंबईच्या चाळीचाळीत, कोळीवाड्यांत आणि झोपडपट्ट्यांत हाच हट्ट संघटित करणे, हे आपले कार्य आहे.